वकील मोफत आहे, पण नोटीस कुणाच्या हाती पडते?

इगतपुरी तालुक्याला धरणांचा तालुका म्हणतात ते उगाच नाही. दारणा, वैतरणा, मुकणे, भावली, वाकी, भाम अशी नावे मोजू लागलो की एका हाताची बोटे पुरत नाहीत. दारणा तर साहेबाच्या राजवटीतले. वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागवते, दारणेच्या पाण्यावरून दुष्काळ पडला की थेट जायकवाडीपर्यंत भांडणे होतात. नाशिक तालुक्यात काश्यपीचे धरण झाले तेही शहराच्या पाण्यासाठीच. धरणे नकोत असे इथे कुणी म्हणत नाही. आपण शेतकरी माणसे, पाण्याचे मोल आपल्याला बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको. पण या पाण्याखाली महादेव कोळी, ठाकर अशा आदिवासी कुटुंबांच्या जमिनी गेल्या, आणि त्या जमिनींच्या कागदपत्रांत बाईमाणसाचे नाव शोधायला बसलात तर भिंग हाती घ्यावे लागेल.

भाताची आवणी बाई करते. नागली-वरई तिच्या हातची. पाणी चढले तेव्हा चूल मोडून नव्या जागी मांडली तीही तिनेच. नोटीस मात्र येते ती कुटुंबप्रमुखाच्या नावाने, म्हणजे नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा दिराच्या. तो असेल तर ठीक. तो मेलेला असेल, दारूत बुडालेला असेल, दुसरी बायको करून गेलेला असेल, तर त्या नोटिशीचे काय होते? आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे, आणि तो कोर्टातल्या वकिलांपेक्षा तुमच्याशी, म्हणजे सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील आणि बागाईतदार मंडळींशी बोलायचा आहे.

कायदा या बाईच्या बाजूने किती भक्कम उभा आहे ते आधी पाहा. राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. गरिबीमुळे किंवा आणखी कुठल्या अडचणीमुळे कुणी न्यायाला मुकू नये, त्यासाठी सरकारने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे ते सांगते. त्याला धरून १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो प्रत्यक्ष अमलात यायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. या कायद्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. त्यात अनुसूचित जमातीची व्यक्ती आहे आणि स्त्रीही आहे. या दोघांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आदिवासी बाई या यादीत दोनदा बसते, एकदा आदिवासी म्हणून आणि एकदा बाई म्हणून. तिच्याकडे जातीचा दाखला नसला तरी बाई म्हणून तिचा हक्क कुठे जात नाही. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च, समन्स बजावणीचा खर्च, यातले काहीही तिने भरायचे नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसते. या कायद्यात कोर्ट म्हणजे फक्त काळ्या कोटातल्या माणसांचे कोर्ट नव्हे. दिवाणी आणि फौजदारीबरोबर महसुली कोर्टही त्यात धरलेले आहे, आणि कायद्याने नेमलेली, न्यायनिवाडा करणारी इतर प्राधिकरणेही. तेव्हा प्रांताधिकाऱ्यासमोर वारसाचे अपील असो की तहसीलदारासमोर रस्त्याचा दावा असो, तिथेही ती मोफत वकील मागू शकते. "हे कोर्टाचं नाही, हे महसूलचं आहे, इथं वकील मिळत नाही," असे कुणी सांगितले तर ते चूक आहे.

मग अडते कुठे? नाशिक लांब पडते, एस.टी.चे भाडे परवडत नाही, कोर्टाची भीती वाटते, बाई घरी कोकणा किंवा वारली बोलते आणि कागद येतो "उपरोक्त विषयान्वये" असल्या मराठीत, ही कारणे नेहमी सांगितली जातात. सगळी खरी आहेत. पण माझ्या मते सर्वांत मोठे कारण त्यांहून साधे आहे. ती वकिलापर्यंत पोचते तोवर मुदत उलटलेली असते. आणि मुदत उलटते ती नाशिकच्या कोर्टात नव्हे, तुमच्या-माझ्या गावात.

भूसंपादनाचेच घ्या. अधिकाऱ्याने निवाडा जाहीर केला, रक्कम कमी वाटली, तर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येतो. जुन्या १८९४ च्या कायद्यात हे १८ वे कलम होते, १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते ६४ वे आहे. मुदत दोन्हीकडे सारखीच. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या तारखेपासून ६ आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतली जी मुदत आधी संपेल ती. जुन्या कायद्यात ती गेली की गेली. नव्या कायद्यात सबळ कारण दाखवले तर जिल्हाधिकारी पुढच्या एका वर्षात अर्ज घेऊ शकतो. शिवाय १९६१ साली सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवले आहे की, निवाड्याची तारीख म्हणजे अधिकाऱ्याने आपल्या टेबलावर सही केली ती तारीख नव्हे. ज्याचे हित गुंतले आहे त्याला निवाडा कळला, किंवा कळायला हवा होता, ती तारीख. म्हणजे ज्या विधवेला नोटीसच मिळाली नाही तिला दार थोडे उघडे आहे. पण ते उघडायचे तर "मला अमुक दिवशी कळले" हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी हाती कागद हवा. तो कागद तिला कोण देणार?

आता समजा, एका वाडीतली विधवा आहे. नवरा वारून चार वर्षे झाली, सातबाऱ्यावर अजून त्याचेच नाव. नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने आली. दिराने ती सही करून घेतली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. पैसे वाटपाचा दिवस आला तेव्हा तिला गाडीत बसवून नेले, "इथं अंगठा दे वहिनी" म्हणाले, तिने दिला. कुणाच्या मनात पाप होते असेही नाही. घरातला कर्ता पुरुष कागद सांभाळतो, ही आपली रीतच आहे. पण या रीतीत तिने तीन गोष्टी गमावल्या. वारस म्हणून नोंद झाली नाही, म्हणून नोटीस तिच्या नावाने निघाली नाही. नोटीस तिने पाहिली नाही, म्हणून मुदत तिला कळली नाही. आणि तिसरी सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे, पैसे घेताना तिने हरकत नोंदवली नाही.

या तिसऱ्या गोष्टीवर थोडे थांबू. मोबदला घेताना पावतीवर "हरकत राखून रक्कम स्वीकारली" एवढे चार शब्द लिहावे लागतात. कचेरीच्या भाषेत त्याला अंडर प्रोटेस्ट म्हणतात. हे न लिहिता रक्कम उचलली तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करण्याचा हक्क जातो, असे कायद्याने स्पष्ट म्हटले आहे. शिकल्या-सवरलेल्या बागाईतदाराला हे त्याचा वकील आधीच सांगतो. आदिवासी बाईला कोण सांगतो? तिचा वकील मोफत असतो खरा, पण तो तिला भेटतो अंगठा उठल्यानंतर दोन वर्षांनी. मग तोही हात वर करतो, आणि गावात बोलले जाते की सरकारी वकील काही कामाचे नसतात.

आणखी एक दार आहे. शेजाऱ्याने कोर्टात जाऊन दर वाढवून घेतला, तर त्याच अधिसूचनेतल्या इतरांनाही, ज्यांनी स्वतः अर्ज केला नव्हता त्यांना, तेवढाच दर मागता येतो. जुन्या कायद्यात २८-अ कलम, नव्यात ७३. मुदत शेजाऱ्याच्या निकालापासून ३ महिने. मात्र शेजारी जिंकला हे तीन महिन्यांत वाडीवरच्या बाईला कळले पाहिजे. पेढे वाटले गेले तर कळते, नाही तर नाही.

"कुटुंब" या शब्दाने तर या बायांचे जेवढे नुकसान केले तेवढे पाण्याने केले नसेल. प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुटुंबातल्या एकाच्या नावाने मिळतो. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, तेव्हा त्या दाखल्याला किंमत आहे. तो थोरल्या मुलाच्या नावाने निघतो आणि बाकीच्यांनी "आमची हरकत नाही" असे प्रतिज्ञापत्र करून द्यायचे. या बाकीच्यांत आई असते, बहिणी असतात. काश्यपीच्या धरणग्रस्तांनी महापालिकेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने केली, धरणाचे पाणी सोडायला विरोध केला. मागणी रास्तच होती. पण त्या नोकरीच्या रांगेत धरणग्रस्ताची मुलगी कितीशी होती? भाम धरणातून उठलेल्या दरेवाडीची पोरे २०२२ मध्ये शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली होती. शाळा बंद होते, मग दप्तरे घ्या आणि शेळ्या द्या, असे त्यांचे म्हणणे. सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. पोरे मिळून आली म्हणून दिसली. एकटी विधवा आपले गाऱ्हाणे घेऊन तहसीलच्या ओट्यावर दिवसभर बसते, ती कुणाला दिसत नाही.

वास्तविक २०१३ च्या कायद्याने कुटुंबाची व्याख्या बदलली आहे. विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेली बाई ही प्रत्येकी स्वतंत्र कुटुंब धरायची. सज्ञान व्यक्ती, मग ती मुलगा असो की मुलगी, लग्न झालेले असो की नसो, तीही स्वतंत्र कुटुंब. पुनर्वसनाच्या यादीत या बायांची नावे वेगळी यायला हवीत. यादी करायला माणूस गावात येतो तेव्हा तो कुणाच्या ओसरीवर बसतो? सरपंचाच्या. मग सरपंचसाहेब, यादीत टाकून दिलेल्या बाईचे नाव घालायचे की "ती आता माहेरी असते" म्हणून सोडायचे, हे तुमच्या एका वाक्यावर ठरते. नवे घर वा जमीन नवरा-बायको दोघांच्या नावाने देता येईल, असेही त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. "देता येईल" म्हटले आहे, "द्यावी" म्हटलेले नाही, ही त्यातली मेख. ज्याला द्यायची नसते त्याला हा एक शब्द पुरतो.

समृद्धी महामार्गाच्या वेळी सिन्नर-इगतपुरीत थेट खरेदीने जमिनी गेल्या. थेट खरेदी म्हणजे साधे खरेदीखत. पैसा लवकर मिळतो, म्हणून लोकांना ती बरी वाटते. पण खरेदीखतावर राजीखुशीने सही केल्यावर वाढीव मोबदल्याची भाषा करता येत नाही, आणि पुनर्वसनाच्या तरतुदींतले काय उरते हेही आधी विचारून घ्यावे लागते. शिवाय अशा वेळी बहिणींच्या हक्कसोडीचा हंगाम येतो. एरवी दहा वर्षे ज्या बहिणीला कुणी बोलावले नाही तिला मुराळी धाडून आणतात, साडी नेसवतात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभी करतात. हे सर्व जातींत चालते, केवळ आदिवासींत नव्हे. आपापल्या घरात डोकावून पाहिले तरी पुरे.

आदिवासी बाईच्या वारशाचा प्रश्न मात्र इतरांहून अवघड आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २ ऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे तो कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जो बरोबरीचा वाटा दिला तो आपल्या मराठा, माळी, वंजारी घरांतल्या मुलींना. कोकणा किंवा भिल्ल मुलीला त्या कायद्याचे नाव घेऊन तो मागता येत नाही. तिथे रूढी चालते, आणि रूढी म्हणजे काय ते पंच सांगतात. पंच सगळे पुरुष. याबाबतीत १७ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. छत्तीसगडमधल्या गोंड कुटुंबाचे प्रकरण होते. आजोबांच्या जमिनीत आईचा वाटा तिच्या मुलांनी मागितला होता. खालच्या कोर्टांनी म्हटले, मुलीला वाटा मिळतो अशी रूढी तुमच्यात आहे हे सिद्ध करा. सुप्रीम कोर्टाने ते उलटे केले. मुलीला वाटा मिळत नाही अशी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ बाई म्हणून तिला वगळणे हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे सांगून वाटा दिला. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू झाला असा याचा अर्थ नव्हे. पण "आमच्यात पोरींना देत नाहीत" एवढे तोंडी वाक्य आता पुरणार नाही.

तलाठी भाऊसाहेब, हा निकाल तुमच्या कामाचा आहे. (अलीकडे तुम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून तलाठीच.) खातेदार मयत झाला की वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये तुम्ही घेता. तिथे विधवा आणि मुली सुटल्या की पुढची सगळी साखळी सुटते. फेरफारात नाव नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, नोटिशीवर नाव नाही, मोबदल्याच्या यादीत नाव नाही. वर्दी देणारा मुलगा तीन नावे सांगतो, तुम्ही तीन लिहिता. चौथे विचारायला दोन मिनिटे लागतात. "बहिणी किती? आई आहे का?" इतकेच. पुढे वाद झाला तर प्रांताकडे होऊ द्या, पण नोंदवहीत नाव असू द्या.

आता डोंगराकडे वळू. ६ ते १२ मार्च २०१८ या दिवसांत नाशिकहून मुंबईला किसान लाँग मार्च गेला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणच्या आदिवासी बाया चालत गेल्या. रक्ताळलेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर छापली गेली. मोठी मागणी होती ती कसत असलेल्या वनजमिनी नावावर करण्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या ४ थ्या कलमात लिहिले आहे की, लग्न झालेल्याचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. इथे "देता येईल" नाही, "नोंदवायचा" आहे. बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. गावच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया हव्यात. तेव्हा मुंबईपर्यंत चालत गेलेल्या बाईचे नाव दाव्याच्या फॉर्मवर आहे का, हे ग्रामसेवकाने कपाट उघडून पाहावे. असले तर छान. पुष्कळ जागी नवऱ्याच्या नावापुढे "व पत्नी" असे लिहून काम उरकलेले असते. "व पत्नी" हे काही कुणाचे नाव नव्हे.

दावा फेटाळला तर उपविभागीय समितीकडे जायला ६० दिवस, तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला आणखी ६० दिवस. फेटाळल्याचे कारण दावेदाराला लेखी कळवायचे, असे २०१२ च्या सुधारित नियमांत आहे. २०२० पासून महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्याही वर विभागीय समितीकडे दाद मागता येते, म्हणजे आपल्याकरिता नाशिकरोडच्या विभागीय आयुक्तांकडे. कागदावर सगळी वाट बांधून दिलेली आहे. आणि हे साठ दिवस कधी येतात? भात कापून झाले की सुरगाणा-पेठचे लोक घाट उतरतात. गोडी छाटणी झालेली असते, डिपिंग-थिनिंगला माणसे हवी असतात, टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत येऊन पालं टाकतात. नोटीस तिकडे वाडीत बंद दाराच्या फटीत पडते आणि बाई इकडे तुमच्या बागेत घड विरळत असते. परत जाते तेव्हा होळी आलेली असते आणि दोन महिने केव्हाच संपलेले असतात.

बागाईतदार मंडळींनो, इथे तुमचा संबंध येतो. दरवर्षी त्याच टोळ्या तुमच्याकडे येतात, मुकादम तुमच्या ओळखीचा असतो. कुणाची वनप्लॉटची केस चालू आहे, कुणाची धरणाची, हे विचारले तर कळते. तारखेच्या दिवशी त्या बाईला रजा द्या, उचलीतून तो दिवस कापू नका. वाडीच्या ग्रामपंचायतीला तुमचा फोन नंबर कळवून ठेवा, म्हणजे नोटीस आली तर निरोप बागेत पोचेल. थिनिंगच्या ऐन घाईत एक बाई एक दिवस गेली म्हणून बाग कोसळत नाही. गारपिटीने जेवढी जाते तेवढी तर नक्कीच नाही.

ज्यांना सातबाराही नाही आणि वनप्लॉटही नाही अशा कातकरी बायांची तर नोटीसच निघत नाही. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्त्यांतली मुले थोडक्या पैशांवर मेंढपाळांकडे राबायला धाडल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले, तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ पासून आहे. वेठीला धरलेल्यालाही १२ व्या कलमाप्रमाणे मोफत वकील मिळतो. त्या वस्त्यांवर हे सांगायला त्याआधी कोण गेले होते?

विधी सेवेच्या कारभारावरही बोलले पाहिजे, सगळे गावावर ढकलून भागणार नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१५ मध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी वेगळी योजना काढली. गावातलीच माणसे शिकवून त्यांना विधी स्वयंसेवक करायची योजना २००९ पासून आहे. गावपातळीवर मदत केंद्रांचीही सोय आहे. पण शिबिर होते ते नोव्हेंबरात विधी सेवा दिनाला, तालुक्याच्या सभागृहात, बॅनर लावून. व्यासपीठावर दहा माणसे, खाली अंगणवाडीच्या ताया आणि आश्रमशाळेची मुले. ज्या बाईसाठी हे सारे ती त्या वेळी द्राक्षबागेत असते. हेच शिबिर हरसूल, घोटी, सुरगाण्याच्या आठवडे बाजारात, सकाळी, एका टेबलावर भरवले आणि कोकणा बोलणारी एक मुलगी तिथे बसवली, तर एका बाजारात वर्षभराच्या भाषणांपेक्षा जास्त अर्ज येतील. मुलगी बाहेरून आणायला नको, या तालुक्यांतून कायदा शिकलेल्या मुली आता निघू लागल्या आहेत.

लोकअदालतीबद्दल एक इशारा. मोबदल्याची जुनी प्रकरणे तिथे लवकर मिटतात, कोर्ट फी परत मिळते, हे चांगलेच. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. एकदा अंगठा दिला की ते प्रकरण कायमचे मिटले. म्हणून तडजोडीचा कागद बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय तिला अंगठा देऊ देऊ नका. "साहेब म्हणतात म्हणून" हे कारण पुरेसे नाही. साहेबाची बदली होते, जमीन परत येत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे? नोटीस आली की आवक नोंदवहीत तारीख घालावी आणि ज्या घराची आहे त्या घरातल्या बाईलाही वाचून दाखवावी, मग नाव कुणाचेही असो. तिला झेरॉक्स द्यावी, त्यावर दिल्याची तारीख टाकून शिक्का मारावा. पुढे "मला अमुक दिवशी कळले" हे सांगायला तोच कागद उपयोगी पडतो. घर बंद असेल तर मुकादमाला फोन करावा. पोलीस पाटलांना कोण कुठे गेले आहे हे बरोबर माहीत असते.

वकील मागण्याचा अर्ज साध्या कागदावर चालतो. तो तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा नाशिकला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी तिथले कर्मचारी उतरवून घेतात. सोबत नोटिशीची प्रत, सातबारा किंवा वनहक्काच्या दाव्याची पोच, जे असेल ते जोडावे. काहीच नसेल तरी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि रेशन दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, आणि पावसाने पुसला की पुन्हा लिहावा.